उंबरठ्याआधी वर बघा

शिवनेरी चढताना आपण सात दरवाजे ओलांडतो. महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. ओढ अर्थातच वरच्या शिवजन्मस्थानाची असते, त्यामुळे वाटेत मान वर करून कमानीकडे कुणी फारसं बघत नाही. जुन्नरच्या कारागिरांनी मात्र आपली सारी हौस तिथेच मांडली आहे.

मलिक अहमदने निजामशाहीचा पाया याच मुलखात घातला. 1490 मध्ये तो बहमनी सत्तेपासून स्वतंत्र झाला, तेव्हा त्याचं ठाणं जुन्नर होतं. अहमदनगर नंतर वसलं. इथल्या दरवाज्यांना इराणकडून आलेल्या घडणीची टोकदार कमान आहे आणि दगड सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. या दगडात बारीक जाळी काढणं महाकठीण. म्हणून इथली नक्षी मोजकी आणि ठसठशीत दिसते.

दारांवरचं शरभ या कल्पित प्राण्याचं शिल्प जवळून बघा. अंग सिंहासारखं, पंजे रोवलेले. दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांवर हा शरभ हत्तींना पंजात किंवा शेपटीत धरून उभा असतो. हत्ती म्हणजे शत्रूचं बळ, हे दाराशी आलेल्या माणसाला न सांगता कळे. इस्लामी कलेत मशिदीच्या दारावर सजीव आकृती टाळतात. तिथे वेल, तारे आणि अक्षरं येतात. किल्ल्याचं दार राज्याचं, त्यामुळे तिथे शरभाला मज्जाव नव्हता. माझ्या मते दख्खनी कलेचा खरा स्वभाव या एका प्राण्यात सापडतो.

इस्लामी कलेतल्या लाकडी दारांवरच्या ताऱ्यांच्या नक्षीमागे सुतारकामाची गरजही होती. कोरड्या हवेत मोठी सलग फळी वाकते, तडकते. म्हणून कैरोच्या सुतारांनी लहान लहान तुकडे खाचांत बसवले. लाकूड आकसलं, फुगलं तरी दार शाबूत राहिलं आणि त्या सांध्यांतूनच तारे उमलले. आपल्या जवळ बीदरच्या रंगीन महालात, अली बरीदच्या काळात, काळ्या दगडात शिंपला जडवून चौकटी सजवल्या. राजवाड्याच्या दाराचं इतकं देखणं उदाहरण दख्खनमध्ये क्वचितच दिसेल.

जुन्नरजवळ हापूसबागेतला सौदागर घुमटही बघावा. तिथल्या भिंतींवर कमानींचे कोनाडे ओळीने कोरले आहेत. दार नसलेल्या जागीही दाराचाच आकार!

पुढे ही कमान वाड्यांत उतरली. जुन्नर-आंबेगावच्या गावांत जुन्या वाड्याचं दार बघितलंत तर कमानीच्या दोन खांद्यांवर दगडी कमळं, मोठ्या दारात वाकून जाण्याची दिंडी, आत देवड्या आणि अडसर सरकवायला भिंतीत ठेवलेली भोकं सापडतील. सुलतानाच्या किल्ल्यावरची कमान आणि मराठी घराची गणेशपट्टी एकाच चौकटीत नांदतात.

असे वाडे आता भराभर उतरवले जातात आणि त्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या भावाने जातात. तुमच्या गावात असं दार उरलं असेल तर ते पडण्याआधी त्याचे फोटो घ्या, मापं घ्या आणि जमलं तर चौकट गावातच कुठेतरी जपून ठेवा.