नारिंगी कोन, जुनी गाडी आणि घड्याळ: ऑटोक्रॉस समजून घेऊ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते गाळलंय, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

आजचा विषय ऑटोक्रॉस. हिंगोलीत बसून मी हा विषय का काढतोय, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे ना रेस ट्रॅक, ना रेसची परंपरा. बरोबर आहे. पण गाड्या आहेत, मोकळी जागा आहे आणि रात्री रिकाम्या बायपासवर गाडी किती पळते हे बघणारी पोरंही आहेत. माझ्याकडे १९९९ ची एस्टीम आहे. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला, म्हणजे जिल्हा आणि गाडी एकाच वर्षीचे. ही गाडी बघितली की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, 'भंगारात कधी देणार?' आणि दोन, 'किती पळते?' दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर ऑटोक्रॉस समजून घ्यावा लागतो.

आधी व्याख्या. मोकळ्या, सपाट जागेवर नारिंगी कोन मांडून एक वाकडातिकडा रस्ता आखायचा. रस्त्याच्या कामावर दिसतात ना, तेच कोन. एका वेळी एकच गाडी सोडायची. सुरुवातीच्या रेषेवर घड्याळ चालू होतं, शेवटच्या रेषेवर थांबतं. शेजारी दुसरी गाडी नाही, ओव्हरटेक नाही, धक्का नाही. फेरी साधारण मिनिटभराची. सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो जिंकला.

हे ऐकून तुम्हाला शंकरपट आठवला असेल, तर तुलना योग्यच आहे. आपल्या मराठवाड्यात आणि शेजारच्या विदर्भात जोडी सुटते, ठरलेलं अंतर कापते आणि निकाल घड्याळ देतं. फरक इतकाच की पट सरळ असतो आणि ऑटोक्रॉसमध्ये सरळ असं जवळजवळ काहीच नसतं.

या खेळाच्या एका जुन्या नावात आपलाच शब्द आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात याला 'जिमखाना' म्हणत. जपानमध्ये कोनांच्या स्पर्धेला आजही जिमखानाच म्हणतात. हा शब्द इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात घडला. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. घोड्यावर बसून अडथळ्यांमधून जायच्या शर्यतींना जिमखाना म्हणायला लागले, मग घोड्याच्या जागी मोटार आली. पुढे अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबनं १९७३ मध्ये 'सोलो' नावानं राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ती आता नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, विमानतळाच्या जुन्या काँक्रीटवर भरते आणि हजाराच्या वर गाड्या येतात. त्यातल्या कित्येक जुन्या असतात.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बहुतेक वेळा माती. मोकळ्या रानात कच्चा ट्रॅक आखतात आणि धुराळ्यात गाडी पळवतात. पुणे, नाशिक, मुंबई या पट्ट्यात असे ऑटोक्रॉस होत आलेत. कोल्हापुरात मोहित्यांचा गो-कार्टचा पक्का ट्रॅक आहे. देशपातळीवर या सगळ्याचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते, चारचाकीसाठी तिला एफआयएची मान्यता आहे.

आता मुख्य मुद्दा. जुनी, कमी ताकदीची गाडी यात टिकते कशी? इथं थोडं गणित आहे, पण दहावीचंच आहे.

वळणावर गाडी जास्तीत जास्त किती वेगानं जाऊ शकते, हे दोन गोष्टींवर ठरतं: टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या. चांगल्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.९ धरू. वळणाची त्रिज्या १० मीटर. हिशोब केला तर वेग येतो सेकंदाला सुमारे ९.४ मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. त्रिज्या २० मीटर केली तर ताशी ४८. आता तेच १० मीटरचं वळण मातीवर घ्या. पकड ०.५ वर आली की वेग ताशी २५.

या हिशोबात इंजिन कुठंच आलं नाही, हे लक्षात घ्या. चाळीस हॉर्सपॉवरची गाडी असो की चारशेची, वळणावर दोघींची मर्यादा जवळजवळ सारखी. आणि ऑटोक्रॉसमध्ये एक वळण संपायच्या आत दुसरं येतं. ताकद वापरायला सरळ रस्ताच मिळत नाही, म्हणून महागड्या गाडीचा फायदा इथं बराच कमी होतो.

मग फरक कशानं पडतो? पहिली गोष्ट वजन. वरच्या हिशोबात वजन येत नाही, कारण वजन वाढलं तशी पकडही वाढते असं आपण धरलं. खरा टायर तसा वागत नाही. त्याच्यावरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. शिवाय वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. बाहेरच्या दोन टायरवर भार जातो, आतले दोन हलके होतात. बाहेरच्यांनी जितकं कमावलं, त्यापेक्षा आतल्यांनी जास्त गमावलं, त्यामुळे चौघांची एकूण पकड घटते. गाडी जितकी उंच आणि जड, तितका हा तोटा मोठा.

दुसरी गोष्ट रुंदी. एका ओळीत मांडलेल्या कोनांमधून डावी-उजवी करत जायचं असतं, त्याला स्लॅलम म्हणतात. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर. आजच्या मोठ्या एसयूव्ही १.८ मीटरच्या पुढं आहेत. रुंद गाडीला प्रत्येक कोनापाशी जास्त बाजूला सरकावं लागतं आणि सरकण्यात वेळ जातो.

जगात या खेळाची लाडकी गाडी कोणती, तर १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद आणि पहिल्या पिढीचं वजन साधारण ९५० किलो. आपल्याकडे ती कधी विकायला आली नाही. आपल्या जुन्या स्पोर्टी गाड्या वेगळ्या. १९८० च्या दशकातली बंगळूरची सिपानी डॉल्फिन: फायबरची बॉडी, ८४८ सीसीचं इंजिन, मागची चाकं ओढणारी. रस्त्यावर ती फार चालली नाही, पण रॅली आणि रेसवाल्यांनी उचलून धरली. नंतर गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म: दोन सीट, उघडं टप, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. कॉन्टेसा दिसायला रुबाबदार, पण लांबलचक, कोनांमध्ये अडचणीची. आणि मग सर्वसामान्यांच्या गाड्या: झेन, एस्टीम, २००० सालची होंडा सिटी व्हीटेक, पॅलिओ १.६. यांच्यावर रेसिंगवाल्यांची एक अख्खी पिढी शिकली. मातीवर जिप्सी वेगळीच. चारही चाकांना ताकद आणि मोडतोड सहन करणारा सांगाडा. मात्र ती उंच आहे. मातीवर ती घसरून सुटते, डांबरावर टायर पकडून बसतात आणि उंच गाडी उलटायची शक्यता वाढते. मातीतही चाक खोल चाकोरीत अडकलं तर तोच धोका. म्हणून उंच गाड्यांना डांबरावरच्या कोनांत उतरवू नये.

नियम फार थोडे आहेत. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर खडूनं किंवा रंगानं चौकट आखतात. कोन पडला किंवा चौकटीबाहेर सरकला की वेळेत २ सेकंद वाढवायचे. अमेरिकेतला हा नियम बऱ्याच ठिकाणी चालतो. रस्ताच चुकला तर ती फेरी बाद. उभ्या कोनाशेजारी आडवा कोन ठेवलेला असेल तर तो दिशा दाखवतो. दोन सेकंद म्हणजे काय, असं वाटेल. पण मिनिटभराच्या फेरीत दोन सेकंदांत चार-पाच नंबर सहज घसरतात. म्हणून आधी रस्ता पायी चालून पाठ करायचा. चालताना नजर पायाजवळच्या कोनावर ठेवू नका, पुढच्या दोन कोनांवर ठेवा. गाडीतही तेच: नजर जिथं, हात तिथं. आणि स्लॅलममध्ये स्टिअरिंग कोनापाशी पोचल्यावर नाही, त्याच्या आधी फिरवायचं. उशीर झाला की प्रत्येक कोनाला उशीर वाढत जातो आणि चौथ्या-पाचव्या कोनाला हिशोब चुकता होतो.

जुन्या गाडीची तपासणी हा या भागातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा, तेव्हा हा सावकाश वाचा.

टायरपासून सुरू करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. कमी चाललेल्या जुन्या गाडीचं रबर नुसतं उभ्या-उभ्या कडक होतं. मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. एका फेरीत ब्रेक तेवढे तापत नाहीत, पण एकामागून एक फेऱ्या मारल्या तर पेडल मऊ पडतं. बॅटरी हलवून बघा, हलली तर क्लॅम्प घट्ट करा. अॅक्सिलरेटर दाबून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, बेअरिंगचा खेळ कळतो. कार्ब्युरेटरची गाडी लांब वळणावर अडखळली तर इंजिन बिघडलं असं लगेच समजू नका. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, म्हणून तसं होतं. डिकी आणि सीटखालचं सगळं सामान बाहेर काढा, पाण्याची बाटलीसुद्धा. ती पेडलखाली गेली तर ब्रेक लागणार नाही. आणि हेल्मेट, सीट बेल्ट यावर चर्चा नको.

जागेचं काय? आपली काळी माती या खेळाला चांगली नाही. वाळली की भेगा, भिजली की चिखल आणि गाड्या फिरल्या की खोल चाकोऱ्या. मुरूम टाकून दाबलेली जागा बरी, त्यावर टँकरनं पाणी मारायचं म्हणजे धूळ बसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जागा मागायला जाऊ नका, तेव्हा मोकळ्या जागेवर हळद वाळत असते.

परवानगी हा खरा अडथळा आहे. सरकारची लेखी संमती नसताना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे रस्ता सोडून बंदिस्त जागा, जागामालकाचं पत्र, पोलीस आणि प्रशासनाची परवानगी, एफएमएससीआयशी जोडलेला क्लब, रुग्णवाहिका आणि अग्निशामक सिलिंडर, इतकं हवंच. आणखी एक: तुमच्या नेहमीच्या गाडीच्या विम्यात शर्यत धरलेली नसते, पॉलिसीच्या अपवादांत ते लिहिलेलं असतं. वाचून घ्या.

इतका खटाटोप कशासाठी? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. बायपासवर ताशी शंभरनं जाणाऱ्या पोराला गाडी सुटली म्हणजे काय, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा समोर ट्रॉली असते. कोनांमध्ये तेच ताशी ३४ ला कळतं आणि समोर रबराचा कोन असतो. मातीवर तर २५ ला. टायर कधी सुटतो, ब्रेक आणि वळण एकत्र दाबलं तर काय होतं, हे हाताला शिकवायची याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

शंकरपटाचं उदाहरण पुन्हा घेतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. गावोगावच्या लोकांनी नियम मान्य केले, तेव्हा खेळ परत आला. मोटारीच्या खेळाचाही रस्ता तोच आहे.

राहिला पहिला प्रश्न, भंगाराचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ ला कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांच्या पुढच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेजचा दर्जा मिळतो. पंचवीस-तीस वर्षांच्या झेन-एस्टीम मात्र मधल्या मध्ये आहेत: ना नव्या, ना व्हिंटेज. त्यांची किंमत भंगारवाला किलोवर लावतो. ज्यांच्या घरी अशी गाडी झाडाखाली उभी आहे, त्यांनी काट्यावर घालण्याआधी टायरवरचे ते चार आकडे एकदा वाचा आणि ब्रेक ऑइल बदलून बघा. कदाचित तुमच्या पोराला गाडी शिकवायला तीच सगळ्यात चांगली निघेल.

पुढच्या भागात एका तपासणीचा खर्च, पार्टप्रमाणे, रुपयांत सांगतो. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू.