‘हे फक्त मलाच होतंय’

नैराश्यात अडकलेल्या माणसाला एका गोष्टीची पक्की खात्री असते: हे फक्त आपल्यालाच होतंय. बाकीचे उठतात, डबे भरतात, लोकल गाठतात. आपल्यालाच अंथरुणातून उठवत नाही. ही खात्री आजारच देतो.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचं दिसलं. ऐंशी बिऱ्हाडांच्या सोसायटीत असे आठ-दहा जण सहज निघतील. पण त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो, कारण बोलून दाखवली जाते ती तक्रार वेगळीच असते: झोप नाही, अंग दुखतं, थकवा जात नाही. मग रक्त तपासायचं, टॉनिक घ्यायचं.

‘ही शहरातली, पोट भरलेल्यांची थेरं’ हा दुसरा समज. महानगरांत प्रमाण जास्त आढळलं, हे खरं. पण अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केल्यावर दीड वर्षात हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

‘कामात मन रमव, आपोआप बरं वाटेल.’ या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून तर तो जास्त टोचतो. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. सुटून गेलेली एखादी छोटी गोष्ट निवडायची, करून पाहायची, जमली नाही तर का नाही यावर पुढच्या वेळी बोलायचं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. ‘मन रमव’ म्हणणारा शेजारी सांगून निघून जातो, समुपदेशक पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतो.

गोळ्यांबद्दलही धास्ती असतेच. नैराश्यावरच्या औषधांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. गुण यायला मात्र काही आठवडे जातात आणि ती डॉक्टरांना न विचारता एकदम सोडायची नसतात. बोलायला कुणीच नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.