ट्रॉलीचे दिवे आणि परतीची वायर

शिवारातली वीज : भाग ६

डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर मिचमिचतो. ब्रेक दाबला की टेल लाईट उजळायची सोडून विझते. गाळप हंगामात रात्री कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकली असेल, तर हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. ड्रायव्हरला विचारा, ‘बल्ब गेलाय’ हे उत्तर ठरलेलं. बल्ब बदलला जातो, मिचमिच तशीच राहते. कारण दोष असतो तो बल्बकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येण्याच्या वाटेत, म्हणजे अर्थमध्ये.

मागच्या भागात ट्रॅक्टरच्या पाठीमागचं सात पिनांचं सॉकेट आपण उघडून पाहिलं. त्यातली 1 नंबरची पिन डाव्या इंडिकेटरची, 4 उजव्याची, 5 आणि 7 टेल लाईटच्या, 6 ब्रेकची. या सगळ्यांनी नेलेली वीज परत आणते ती एकटी 3 नंबरची पिन. तिच्या वायरचा ठरलेला रंग पांढरा, पण आपल्याकडे दुकानात जी वायर सापडेल ती लागते, तेव्हा रंगावर विसंबू नका.

नेमकी हीच वायर कित्येक ट्रॉल्यांना टाकलेलीच नसते. ट्रॅक्टर लोखंडाचा, ट्रॉली लोखंडाची, मधला हुक आणि पिनही लोखंडाची, मग वेगळी वायर कशाला, असा हिशेब. नव्या ट्रॉलीवर तो जमतोही. पण हुकात पिन सैल असते आणि तिच्यावर ग्रीस, माती, गंज यांचा थर बसतो. ओढ बसली की पिन टेकते, उताराला ट्रॉली पुढे रेटली की सुटते. दिव्यांचंही तेच होतं.

आता ब्रेकचं कोडं. मागच्या बल्बात दोन फिलामेंट असतात, टेलचं 5 वॅटचं आणि ब्रेकचं 21 वॅटचं. दोघांचं एकेक टोक बल्बच्या टोपीला, म्हणजे अर्थला जोडलेलं. अर्थ तुटली की टेलच्या फिलामेंटमधली वीज ब्रेकच्या फिलामेंटमध्ये शिरते आणि ब्रेकच्या वायरवरून उलटी जाऊन ट्रॅक्टरच्या स्वतःच्या ब्रेक लाईटमधून निगेटिव्ह गाठते. चारीचं तोंड बुजलं की पाणी शेजारच्या वावरात शिरतं, तसंच हे. टेल लाईट जवळजवळ नेहमीसारखी जळते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ब्रेक दाबला की मात्र त्याच वायरवर 12 व्होल्ट येतात. टेलच्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, मग वीज वाहणार कुठून? दिवा विझतो, आणि तोही मागच्याला तो सर्वांत जास्त दिसायला हवा त्या क्षणी.

तपासायचं तर दिवे चालू ठेवून. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मागच्या दिव्याच्या अर्थला लावा. वायर पुरणार नाही, जोड द्यावा लागेल. 0.3 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, एकाच्या वर गेलं तर दोष सापडला. पुष्कळ वायरमन नुसता बीप ऐकून ‘अर्थ ओके’ म्हणतात. बीपच्या वेळी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, तेवढा गंजलेल्या जोडातूनही जातो.

खरा भार किती? दोन टेल, दोन ब्रेक आणि एका बाजूचा इंडिकेटर मिळून 73 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला सुमारे 6 अँपिअर, आणि तो सगळा एका वायरीतून परत येणार. 8 मीटर लांबीची 0.75 चौरस मिलिमीटरची वायर त्यात एक व्होल्टहून जास्त खाते, 2.5 ची जेमतेम एक तृतीयांश. फिलामेंटच्या दिव्याला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. तेव्हा बाकीच्या वायरी बारीक चालतील, अर्थची जाड घ्या.

ही वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या आणि 3 नंबरला जोडा. शिवाय ट्रॉलीच्या चेसिसला एका ठिकाणी पक्की करा. रंग खरवडून लोखंड उघडं करा, थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. पिळून टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. मागे दुसरी ट्रॉली जोडत असाल तर तिचाही भार पहिलीच्या अर्थवरून येतो, हे वायर निवडतानाच धरा.

हल्ली यावर एलईडी लावणं हा सोपा उपाय सांगतात. करंट कमी लागल्यामुळे अर्धवट अर्थवरही एलईडी झकास दिसतात खरे, पण हुकाची पिन सुटली की तेही जातात. आणि जुन्या फ्लॅशरवर एलईडी इंडिकेटर नीट चालत नाहीत. कधी अतिवेगाने मिचमिचतात, कधी मिचमिचतच नाहीत. त्या फ्लॅशरची डबी पुढच्या आठवड्यात उघडू.