पाच रुपयांची पुडी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत आम्ही मुलांची वजनं घेतो तेव्हा एकाच घरात धाकटं खुरटलेलं आणि मोबाइलपुढे बसून थोरल्याचं पोट सुटलेलं दिसतं. वेफर्सची पुडी दोघांच्याही हातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली.

आईला दोष देणं सोपं. पहाटेची लोकल गाठणारी बाई डबा कधी करणार? पण दोन पुड्यांच्या पैशांत मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा येतो (लहानग्यांना कुटूनच द्या). हरभरे रात्री भिजवले की सकाळी नुसते उकडायचे. सुकट, बोंबील धुऊन मीठ काढून करा. आपल्या या खाण्याची लाज कशाला?

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे. पालकसभेत विचारा.

५ ते १७ वयाला रोज तासभर दम लागेल अशी हालचाल हवी. चाळीपुढची जागा गाड्यांनी खाल्ली, पण विहाराचं अंगण संध्याकाळी मोकळं असतं. तिथे लंगडी, लगोरी सुरू करा. मुलींना आधी बोलवा. पाळी आली की त्यांचाच खेळ पहिल्यांदा सुटतो.