सराफ कट्ट्यावरची विमानविद्या

छंद म्हणून उडवायच्या छोट्या विमानाची इंधनटाकी उघडून पाहिली तर आत फारसं काही नसतं. जेमतेम पाव लिटरची प्लास्टिकची बाटली, तोंडाला रबरी बूच आणि बुचातून आत शिरलेल्या दोन-तीन पितळी नळ्या. एक नळी इंजिनाला इंधन पुरवते. तिच्या टोकाला लवचीक सिलिकॉनची नळी आणि तिच्या शेंड्याला वजन, म्हणजे विमान पालथं झालं तरी ते वजन इंधनातच बुडी मारून राहतं. दुसरी नळी हवेची. ती आत शिरली की काटकोनात वर वळते आणि बाटलीच्या माथ्याला टेकायच्या बेतात थांबते. सगळी गोम या एका वळणात आहे. ते चिमटलं तर इंधन खेचलं जाईल तशी टाकीत हवा शिरत नाही, इंजिनाला इंधन कमी पडू लागतं, ते तापतं आणि ऐन हवेत बंद पडतं. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि एरंडेल, असा या इंजिनांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार आहे. एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळतं आणि भलत्या तापमानालाही वंगण सोडत नाही, म्हणून ते तिथे टिकून आहे.

नेहमीच्या वापरातली नळी बाहेरून एक अष्टमांश इंच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास, भिंत 0.36 मिलिमीटर. अशी नळी नुसत्या हातांनी वाकवली की पपईच्या पानाच्या देठासारखी एका जागी मोडते. वाकवताना बाहेरची भिंत ताणली जाते, आतली दाबली जाते आणि दोन्ही मध्याकडे सरकतात. गोल छेद लंबगोल होतो. लंबगोल नळीचा वाकण्याला विरोध कमी, म्हणून पुढचा सगळा जोर नेमका तिथेच गोळा होतो आणि नळी घडी घालते. पातळ नळीच्या या दुबळेपणाचं गणित ब्रेझियर यांनी 1927 साली मांडलं. त्यावरचा उपाय मात्र सोनार त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते.

मुळात सगळंच वाकवणं अवघड नसतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीचे पडदे पाहा. धातूच्या कांबीला कमानीचा बाक दिलेला, पण कांब भरीव. भरीव वस्तू वाकते, चिमटायला तिच्या पोटात जागाच नसते. डिझेल इंजिनाच्या पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणारी पोलादी नळीही तशीच. बाहेरून सहा मिलिमीटर, आतलं भोक दोनच्या आसपास, म्हणजे नावाला पोकळ. साताऱ्यात 1922 साली सुरू झालेल्या कूपर कारखान्याने नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली, त्यामुळे असल्या नळ्या या भागातल्या मेकॅनिकच्या हाताखालच्या. एकाहून जास्त सिलिंडरच्या इंजिनात त्या सगळ्या सारख्या लांबीच्या ठेवतात. म्हणून जवळच्या सिलिंडरची नळी उगाच वळसा घेताना दिसते. तो वळसा थंड पोलादातही सुबक येतो, कारण भिंत जाड असते.

पातळ भिंतीला आधार पाहिजे, आतून नाहीतर बाहेरून. एवढं एक सूत्र कळलं की बाकी सगळा प्रश्न आधार कशाचा द्यायचा आणि काम झाल्यावर तो काढायचा कसा, एवढाच उरतो. दुसरा प्रश्न जास्त खट्याळ.

सोन्याची पोकळ नळी घडवायची एक जुनी रीत अशी: आत तांब्याची तार ठेवून वरून सोन्याचा पत्रा ओढायचा, तारेसकट हवा तो आकार द्यायचा आणि मग सगळं नायट्रिक आम्लात सोडायचं. तांबं विरघळतं, सोनं तसंच राहतं. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतून देशभर गेलेल्या गलाई कारागिरांचा तर आम्लाशी रोजचाच व्यवहार. सोनं शुद्ध करताना ते त्यातली चांदी याच आम्लाने वेगळी करतात. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर कोणालाही हे नवं नाही.

विमानवाल्याला ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण पितळ स्वतःच आम्लात जाईल. पण विरघळणारा आधार ही कल्पना उचलता येते, आणि साखरेच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ती सुचू नये हे नवल. बारीक, कोरडी पिठीसाखर नळीत भरायची, नळी टेबलावर आपटत आपटत ठासायची, दोन्ही तोंडं बुजवायची. वाकवून झालं की गरम पाण्यात टाकायची. वाळूही चालते, मात्र ती भाजून खडखडीत कोरडी केलेली हवी. ओलसर वाळू भरून नळी तापवली तर वाफ बूच उडवते. काहीजण वुड्स मेटल ओततात. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचा हा मिश्रधातू 70 अंशांना वितळतो, त्यामुळे गरम पाण्यातच निघून येतो. काम देखणं होतं, पण कॅडमियम विषारी आहे आणि घरच्या गॅसवर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. बाहेरून आधार द्यायचा तर फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे असते तशी घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग. नळीवर चढवायची, वाकवायची, फिरवून काढून घ्यायची. तीन मिलिमीटरला बसणारी स्प्रिंग शोधणं हे त्यातलं खरं काम.

आधाराइतकाच ताव महत्त्वाचा. दुकानातून आलेली पितळी नळी ओढून ओढून कडक झालेली असते. ती मऊ करायला अंधाऱ्या कोपऱ्यात ज्योतीवर फिरवत धरायची आणि मंद लाल झाली की पुरे. भर उजेडात लाली दिसत नाही, आणि दिसेपर्यंत नळी वितळून ओघळलेली असते. मग पाण्यात बुडवली तरी चालते. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, पितळाला त्याची फिकीर नाही. अॅल्युमिनियम मात्र लाल न होताच वितळतं. त्यावर कपड्याचा साबण चोळतात आणि साबण काळा पडला की ज्योत बाजूला करतात. साबण आणि ताव दोन्ही साखर भरण्याच्या आधी, नाहीतर नळीत काकवी शिजते.

आता प्रत्यक्ष वळण. ज्या गोल साच्याभोवती नळी वाकवायची त्याचा व्यास हव्या त्या वळणापेक्षा किंचित लहान घ्यावा, कारण हात सोडला की नळी थोडी मागे येते. नळीच्या व्यासाच्या तिप्पट त्रिज्येपेक्षा आवळ वळण मागू नये. अंगठे वळणाच्या टोकावर नकोत, साच्याला चिकटून हवेत, आणि झटका अजिबात नको. थोडं वळल्यावर नळी ताठरली असं बोटांना जाणवतं. तिथे थांबून भरण काढावं, पुन्हा ताव द्यावा, पुन्हा भरावं. आळस करणाऱ्यांच्या नळ्या नेमक्या याच टप्प्यावर चिमटतात.

माणसं नेणाऱ्या विमानातही नियम हाच, फक्त तिथे तो लिहून ठेवलेला आहे. वळणावर नळी चपटी झालीच तर तिचा लहान व्यास मूळ बाह्य व्यासाच्या 75 टक्क्यांखाली जाता कामा नये. सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि 2016 साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. त्या मापाच्या कामात डोळ्याच्या अंदाजावर भागत नाही. टाकीच्या नळीला मात्र कॅलिपर लावला की झालं: 3.2 ची नळी 2.4 च्या खाली गेली असेल तर फेकून द्यावी. स्वस्त असते.

एक गोष्ट बहुतेक छंदिष्टांना ठाऊक नसते, आणि ती आपल्याच हवेतली आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली की तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतुसं घडवताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंचा तो प्रताप हे 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. थंड वाकवलेल्या नळीत तसाच ताण शिल्लक असतो. म्हणून शेवटचं वळण झाल्यावर, भरण धुऊन काढल्यावर, नळीला लाल न होऊ देता 250 ते 300 अंशांचा हलका शेक द्यावा. आणि जावळी-पाटणकडे चार महिने झड लागते तेव्हा विमान गोठ्याच्या माळ्यावर टांगू नये.