एका मिलिमीटरचा हिशेब

आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरच्या शिवारात उभं राहून कुणालाही करता येईल असा एक प्रयोग सांगतो. हात समोर लांब करा, अंगठा वर करा आणि त्याच्यामागे दूरवर दिसणाऱ्या विजेच्या खांबाकडे बघा. खांब स्पष्ट दिसला की अंगठा पुसट होतो, अंगठ्याकडे बघितलं की खांब पुसट. डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसतं. पिस्तूल धरलेल्या नेमबाजालाही ही मर्यादा चुकत नाही. मग तो काय निवडतो? तो चक्क लक्ष्य पुसट होऊ देतो! त्याची नजर खिळलेली असते ती पिस्तुलाच्या टोकावरच्या फोरसाईटवर.

असं का, ते साध्या भागाकारानं कळतं. २५ मीटर पिस्तूल प्रकारात फोरसाईट आणि मागची, डोळ्याकडची बॅकसाईट यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर ठेवता येतं. बॅकसाईटच्या खाचेत फोरसाईट फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकलं, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर भरकटते. याच प्रकारातल्या रॅपिड फेरीत दहाच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे त्या गोळीला आठच गुण. आता उलट बघा. दोन्ही साईट एका रेषेत ठेवून अख्खा हात १ मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच सरकते. फक्त १ मिलिमीटर! श्वासानं, हृदयाच्या ठोक्यानं हात हलतच राहणार आणि ते हलणं बरंचसं माफ आहे. मनगट तिरकं झालेलं मात्र माफ नाही. नवखा नेमबाज सगळी ताकद थरथर थांबवण्यात घालवतो, तेव्हा तो नको त्या शत्रूशी लढत असतो.

हाच हिशेब कमरेला लावायच्या छोट्या पिस्तुलाला लावून पाहा. दोन साईटमधलं अंतर १५० मिलिमीटर धरलं, तर तीच १ मिलिमीटरची चूक २५ मीटरवर १६७ मिलिमीटर होते. त्यात वजन कमी, म्हणून झटका जास्त. सिनेमातला नायक ज्या चिमुकल्या पिस्तुलानं धावता धावता अचूक नेम साधतो, ते खरं तर नेमाला फार अवघड हत्यार आहे.

म्हणूनच पिस्तूल निवडताना आधी हात बघावा लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाप्रमाणे कानशीनं घासतात, कुठे लांबी घालून भरतात. मूठ मोठी असेल तर बोट चापापर्यंत नीट पोचत नाही, चाप सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो आणि तो घातक मिलिमीटर तिथेच जन्मतो. २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १ किलोचा असावा लागतो, १० मीटर एअर पिस्तुलाचा अर्धा किलोचा. एवढा दाब साईट न हलवता द्यायचा, हे गोळीशिवायच शिकतात. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची, समोर कोरी भिंत ठेवायची आणि पुन्हा पुन्हा चाप ओढायचा. नेमबाज याला ‘ड्राय’ म्हणतात. मला तर संपूर्ण खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण लक्ष्यच नसल्यामुळे नेमबाजाला स्वतःचा हात दिसू लागतो.

या सरावाचं मोल पाहायचं तर कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे पाहावं. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं, २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलच्या अंतिम फेरीत ती आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या. शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही ३-२ अशी जिंकली आणि आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. रॅपिडच्या प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात. त्याआधीचे ७ सेकंद हात ४५ अंशांत खाली ठेवायचा. त्या ३ सेकंदांत हात वर येतो, साईट जुळतं, चाप दबतो. विचार करायला वेळच नसतो, हातानं ते आधीच शिकून ठेवलेलं असतं.

आंबेगाव-जुन्नरमधल्या ज्या पालकांच्या मुलामुलींना या खेळाची ओढ आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी पिस्तूल विकत घेऊ नका. बालेवाडीच्या क्रीडानगरीत नेमबाजीची रेंज आहे, तिथला सराव एकदा मुलांना दाखवा. सुरुवात प्रशिक्षकाच्या नजरेखाली, १० मीटर एअर पिस्तुलानं करा. दोन-चार वेगवेगळ्या मुठी मुलांच्या हातात देऊन बघा आणि खरेदीचं त्यानंतर ठरवा.