पानातून कांड्यात: उसाच्या साखरेचा माग

नवापूर तालुक्यातल्या डोकारे इथल्या आदिवासी सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या निघतात, त्या नुसत्या कांड्यांनी भरून. वाढे गुरांपुढे पडतात, पाचट शेतातच राहते. साखरेचा जन्म मात्र पानातला. तिथून ती कांड्यात कोणत्या वाटेने आणि किती वेगाने उतरली, हे ना वजनकाट्यावर कळते, ना उताऱ्याच्या आकड्यात.

ते कळायला किरणोत्सारी कार्बन हाती यावा लागला. मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांना फेब्रुवारी १९४० मध्ये बर्कलेला कार्बन-१४ सापडला. गुराखी कळपातल्या एका गाईच्या गळ्यात घंटा बांधतो. कळप रानात दिसेनासा झाला तरी कुठे चरतोय ते आवाजावरून समजते. कार्बन-१४ ही तशीच घंटा. पान त्याला नेहमीच्या कार्बनसारखेच साखरेत गुंफते. मोजयंत्राला तेवढा तो ऐकू येतो.

उसात ही घंटा बांधली होनोलुलूच्या ऊस संशोधन केंद्रातल्या कॉन्स्टन्स हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पानाचा लहानसा भाग पारदर्शक डबीत बंद करायचा, उजेडात काही मिनिटे त्याला कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड पाजायचा. मग ठरलेल्या वेळेला ऊस तोडून पान आणि एकेक कांडे वेगळे वाळवायचे, दळायचे, मोजायचे. कार्बन-१४ चे किरण इतके दुबळे, की जाड कांड्यातून बाहेर येतच नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळेचा आकडा हवा, तर दुसरा ऊस तोडायचा! (कार्बन-११ चा माग जिवंत झाडाबाहेरूनही लागतो, पण तो वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो बनवणारे यंत्र जवळच लागते.) या चिकाटीतून दिसले ते असे: साखर पानातून आपल्याच पेऱ्याशी उतरते, तिथून काही मुळांकडे जाते, काही वर वाढत्या शेंड्याकडे.

याच केंद्रातल्या कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी १९६५ मध्ये छापले, की उसाच्या पानात कार्बन पहिल्या काही सेकंदांत चार कार्बनांच्या आम्लांत सापडतो. पुढच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उलगडल्या. त्यांचे श्रेय रास्तच आहे. पण हा मार्ग पाठ्यपुस्तकांत त्या दोघांच्याच नावाने शिकवला जातो आणि हार्टबाईंचे नाव क्वचितच कानी पडते, याची मला खंत वाटते.

ऊस लावणाऱ्याला तर त्यांचे १९६९ चे काम माहीत हवेच. पालाश कमी पडलेल्या उसात पानातून साखर बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी याच घंटेने दाखवले. पान साखर बनवत असते, पण ती पुढे हळू सरकते. म्हणून माती परीक्षणाच्या कागदावरचा पालाशाचा आकडा नत्राइतक्याच काळजीने वाचावा. आणि ‘साखर वाढवते’ म्हणून कोणी फवारणीची बाटली पुढे केली, तर आधी विचारावे: शेजारी न फवारलेला ऊस ठेवून मोजले होते का?